बीटला नऊ, शब्दांना चार

रॅपचा अल्बम तोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर स्थळ बघून परतलेल्या मावशीचा भाव असतो. बंगला आहे, गाडी आहे, परसात हापूस आहे. मुलगा तेवढा तोंड उघडेपर्यंतच बरा वाटतो. मावशीचा हा अहवाल तो आपल्या भाषेत देतो: "प्रॉडक्शन खतरनाक आहे रे, पण लिरिक्समध्ये दम नाही."

नवा अल्बम तो आधी हेडफोनवर ऐकतो, मग मित्राच्या गाडीत, मग मोबाइलच्या फाटक्या स्पीकरवर. बेस कुठे कसा बसतो ते बघायचं असतं. शब्दांची पाळी चौथ्या खेपेला येते. रोलंडच्या १९८० सालच्या ८०८ या ड्रम-यंत्राचं नाव तर तो कुलदैवतासारखं घेतो.

त्याचं हुकमी उदाहरण म्हणजे डॉ. ड्रेचा '२००१'. नाव २००१, बाजारात आला नोव्हेंबर १९९९मध्ये. 'स्टिल डी. आर. ई.'मधले स्कॉट स्टॉर्चचे पियानोचे ठोके तो टेबलावर वाजवून दाखवतो; चहा सांडतो. प्रत्येक वाद्याला कशी स्वतंत्र खोली दिलीय, हे सांगताना त्याचा गळा दाटून येतो. मग आवाज उतरतो. "पण बोलतो काय? मी परत आलोय, गांजा ओढतोय, आणि बायकांबद्दल जे काही बोलतो ते आईसमोर लावायची सोय नाही. वर हे गाणं लिहिलं कोणी? जे-झीने! 'मी परत आलो' हेसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं!" इथे तो टाळीसाठी थांबतो. द्यावी. मुद्दा बिनतोड आहे.

घरी मात्र गाठ ख्याल ऐकणाऱ्या वडिलांशी असते. "आमच्या बंदिशीत तरी काय असतं? सासू-नणंद जाग्या आहेत आणि पैंजण वाजतंय. अर्धा तास तेवढंच. आम्ही कधी मार्क कापले?" यावर त्याचं उत्तर तयार असतं: ख्यालात शब्द म्हणजे सूर अडकवायची खुंटी, रॅपवाला उभा राहतो तोच बोलायला. सूर त्याने आधीच सोडलेला, आता शब्दही फुसके निघाले तर हातात उरलं काय? उत्तर चांगलं आहे. वडील तोवर घोरायला लागलेले असतात.

एकदा त्याने गाडीत ट्रुथ हर्ट्सचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' लावलं. २००२चं, डॉ. ड्रेच्याच आफ्टरमाथ कंपनीचं, निर्माता डीजे क्विक. "सँपल ऐक! बीटला नऊ, शब्दांना चार." मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, हे आमच्या लताबाईंचं. 'ज्योती' सिनेमातलं, बप्पी लाहिरींचं." आणि पुढचं सगळं तिने म्हणून दाखवलं. मग विचारलं, "त्या चारांतले लताबाईंचे किती?"

त्याने आवाज कमी केला. हिंदी शब्द त्याने बीटमध्येच धरले होते. क्विकनेही ते तसेच धरले असावेत, कारण अल्बमवर लाहिरींचं नाव नव्हतं. २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने ते छापल्याशिवाय विक्रीला मनाई केली.