अठरा कारखान्यांची मोटार

मोटारीने दूरच्या मुलखात जावे आणि महिना-दीड महिना तंबूत काढावा, अशी इच्छा ज्या गृहस्थांच्या मनात पन्नाशीच्या सुमारास, विशेषतः कचेरीतील वार्षिक हिशेबाच्या दिवसांत, हमखास उत्पन्न होते, त्यांची अशी दृढ समजूत असते की, पुण्याजवळचा शेवटचा टोलनाका मागे पडला म्हणजे नियम, नोंदी, पावत्या आणि वरिष्ठ या सर्वांपासून आपली सुटका झाली. ही समजूत पहिल्याच आठवड्यात निकालात निघते. घर सोडलेल्या माणसास घराहून कडक शिस्तीचे एक संस्थान चार चाकांवर चालवावे लागते, आणि जो उत्तम कारकून असतो तोच दूर जाऊन सुखरूप परततो, हे तत्त्व ध्यानी घेऊन प्रस्तुत नियमावली सिद्ध केली आहे. जुन्या मराठी राज्यकारभारात बारा महाल आणि अठरा कारखाने असत. त्यांपैकी हत्तींचा पीलखाना व उंटांचा उष्ट्रखाना यांची कामे आता बॉनेटखालचे यंत्र एकटेच करीत असल्यामुळे, आणि जवाहिरखान्याची व्यवस्था सौभाग्यवतींनी निघण्यापूर्वीच बँकेच्या लॉकरात लावलेली असल्यामुळे, उरलेल्यांतील अत्यावश्यक तेवढ्यांचाच येथे परामर्श घेतला आहे. उदाहरणादाखल पुणे ते लेह हा प्रवास, जाताना श्रीनगर-कारगिलवरून आणि येताना मनालीवरून, असा गृहीत धरला आहे.

कलम १ : दफ्तरखाना व खजिना

मोटारीचे नोंदणीपत्र, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती, आपणांस जितक्या पुरेशा वाटतील त्याच्या दुप्पट काढाव्यात; कारण नाक्यावरील शिपायास अस्सल कागद पाहून जेवढा संशय येतो, तेवढाच झेरॉक्स प्रत हातात पडताच विश्वास वाटू लागतो. प्रीपेड सिमवर भिस्त ठेवू नये. बाहेरच्या राज्यातले असे सिम लडाखात मुके होते, आणि त्याबरोबर मोबाइलमधला सगळा खजिनाही मुका होतो, यास्तव रोकड तीन ठिकाणी विभागून ठेवावी आणि त्यांपैकी एक ठिकाण खुद्द प्रवासप्रमुखास ठाऊक असू नये. रोजकीर्द रोजच्या रोज लिहावी. किती किलोमीटर झाले, किती डिझेल पडले आणि चहाचे पैसे कोणी दिले, या तीन रकान्यांपैकी पहिल्या दोहोंवरून इंजिनाची प्रकृती कळते आणि तिसऱ्यावरून सोबत्यांची.

कलम २ : शरीरप्रकृती

मार्गाची दिशा वर सांगितली ती लहरीने नव्हे. श्रीनगरहून निघणारा मनुष्य सुमारे ३,५०० मीटरांची झोजिला ओलांडून रात्री २,७०० मीटरांच्या आत असलेल्या कारगिलला उतरतो आणि मगच ३,५०० मीटरांवरील लेहला जातो. त्यामुळे शरीरास विचार करण्याइतकी मुदत मिळते. उलटपक्षी मनालीहून उत्साहाच्या भरात निघालेला गृहस्थ दुसरीच रात्र सुमारे ४,३०० मीटरांवरील सरचूला काढतो, आणि तेथे मध्यरात्री डोके धरून बसला असता निसर्गसौंदर्याविषयी त्याचे मत पुष्कळच बदलते. ३,००० मीटरांच्या वर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. लेहजवळच्या खारदुंगला खिंडीच्या फलकावर १८,३८० फूट असे वर्षानुवर्षे लिहिलेले होते तरी मोजणीत ती सुमारे १७,५८२ फूटच भरते. तथापि तेथे छायाचित्र काढून घेणाऱ्यास हा तपशील सांगू नये, कारण त्या उंचीवर वादविवादास पुरेल इतका प्राणवायू नसतो.

कलम ३ : मुदपाकखाना

सरचूस पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर खदखदते, वर फेस येतो, वास सुटतो, मंडळी ताटे घेऊन रांगेने बसतात, आणि दाणा मात्र शाबूतच्या शाबूत बोटाखाली टणटणीत लागतो. कुकर हीच यावरची तोड होय. ज्याने जागा वाचविण्यासाठी कुकर घरी ठेवला त्याने डाळही घरीच ठेवावी. ब्यूटेन वायूचे डबे शून्य अंशाखाली निकामी होतात, म्हणून रॉकेलचा स्टोव्ह बरोबर असावा, आणि त्याहून अगत्याची गोष्ट म्हणजे त्याची पिन असावी. उंचीवर हवेचा दाब घटल्याने भडंगाची पाकिटे उशांसारखी फुगतात, त्याचे नवल करण्यात वेळ दवडू नये. त्याच कारणाने लोणच्याच्या बरणीतील तेल झाकणातून वाट काढते, आणि ती बरणी दफ्तरखान्याशेजारी ठेवलेली असल्यास विम्याचे कागद कायमचे रुचकर होतात.

कलम ४ : फरासखाना

तंबू सूर्यास्तापूर्वी ठोकावा. कोरड्या नाल्याचे पात्र सपाट, वाळूचे आणि मोहक असते, म्हणूनच तेथे मुक्काम करू नये. वर कोठे बर्फ वितळले वा पाऊस झाला तर नाला आपली जागा मागावयास रात्रीही येतो. तंबूचे दार वाऱ्याकडे पाठ करून असावे. वाटेतील मोरे नावाच्या विस्तीर्ण पठारावर चांगपा मेंढपाळांची कुरणे आहेत. तेथे मोटार घालून कायमची चाकोरी उमटवू नये. शहतखान्यासाठी, म्हणजे शौचासाठी, पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, वीतभर खोल खड्डा स्वहस्ते खणावा आणि कागद परत आणावा, कारण त्या थंड वाळवंटात काहीही लवकर कुजत नाही. ज्यांनी आयुष्यभर हाताखालच्या माणसांस खड्डे खणावयास लावले, त्यांना या कलमातून विशेष आत्मज्ञान होते असा अनुभव आहे.

कलम ५ : वाहन

जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये भराव्यात. टपावरील प्रत्येक पेटी वळणावर आपले मत देते. लेहला टाकी भरूनच मनालीकडे निघावे. त्या वाटेवरील तांडीच्या पंपावर पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा जो प्रसिद्ध फलक आहे तो समोरून येणाऱ्यांना उद्देशून असला, तरी त्यातील अंतर दोन्ही दिशांनी सारखेच भरते. बरोबर एक लाकडी पाट न्यावा. मऊ जमिनीत जॅक लावला म्हणजे मोटार वर न जाता जॅकच खाली जातो. अशा वेळी खाली पाट सारावा, आणि चाक बदलून झाल्यावर त्याच पाटावर बसून जेवावे. पोळपाट मात्र या कामी वापरू नये. त्याने चाक बदलले जाते, परंतु संसार उसवतो.

बर्फाच्या पाण्याचे नाले दुपारनंतर चढतात, म्हणून त्याच वाटेवरील झिंगझिंगबारच्या बाजूचे ओढे सकाळीच ओलांडता येतील असा बेत करावा. पाण्यात मोटार घालण्यापूर्वी एकाने पायी उतरून खोली व तळाचे दगड पाहावेत. हा मान परंपरेने मेहुण्यांकडे जातो. पाणी गुडघ्यावर आल्यास मेहुण्यांना परत बोलवावे आणि बेत रहित करावा. त्याहून कमी असल्यास पहिल्या गियरमध्ये, मध्येच क्लच न दाबता, संथपणे पलीकडे जावे आणि तेथे पोहोचताच ब्रेक दोनतीनदा हलके दाबून कोरडे करावेत.

कलम ६ : ताळेबंद

परतल्यावर, अंघोळीपूर्वी नव्हे पण छायाचित्रे दाखविण्यापूर्वी खचित, मोटार रिकामी करावी आणि एकदाही न वापरलेल्या वस्तूंची यादी करावी. ही यादी लांबलचक होते. तिचे दोन भाग पाडावेत. घडीची खुर्ची, तिसरा स्वेटर, दुर्बीण आणि प्रवासात वाचण्यासाठी घेतलेले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हे पहिल्या भागात घालून पुढल्या खेपेस निर्दयपणे वगळावेत. टोचनाचा दोर, प्रथमोपचाराची पेटी, दुसरी स्टेपनी आणि जादा पाण्याचा कॅन हे दुसऱ्या भागात घालावेत, आणि ते वापरावे लागले नाहीत म्हणून वगळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कारण अशा वस्तूंचे निरुपयोगी ठरणे हेच त्यांचे सार्थक होय. मेहुण्यांची नोंद कोणत्या भागात करावी, हा प्रश्न सौभाग्यवतींच्या अखत्यारीतील असल्यामुळे त्याविषयी प्रस्तुत नियमावली मौन बाळगते, आणि प्रवासप्रमुखानेही तेच करावे अशी तिची शिफारस आहे.