भर पावसात ज्वालामुखी पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्वालामुखी पाहायला निरभ्र दिवस निवडणारे प्रवासी नवशिके समजावेत. जाणकाराने जपानमधलं हाकोने गाठावं आणि तेही जूनमध्ये, तिकडची पावसाची झड ऐन भरात असताना.

तोक्योच्या शिंजुकू स्टेशनावरून ‘रोमान्सकार’ नावाची गाडी सुटते. नावावर जाऊ नये, आत बरीच मंडळी डबा उघडून जेवत असतात. सुमारे दीड तासात हाकोने-युमोतो येतं. तिथे डोंगर चढणाऱ्या छोट्या गाडीत बसावं. चढ इतका उभा की ती वाटेत तीनदा थांबून उलट्या दिशेने निघते. त्या वेळी ड्रायव्हर आणि गार्ड आपापली टोकं सोडून, भर पावसात एकमेकांना ओलांडत जागा बदलतात. हा देखावा डोळे भरून पाहून घ्यावा, कारण पुढे दिवसभरात दिसण्यासारखं फारसं काही नाही. बोरघाटातही एके काळी गाडी अशीच उलटी फिरवत. ही माहिती शेजारच्या जपानी आजोबांना शुद्ध मराठीत सांगावी. ते मान लववतात.

पुढे केबल कार, मग सोउन्झानहून रोपवे. हवा स्वच्छ असली तर पाळण्यातून फुजी दिसतो. आपल्याला काचेबाहेर पांढरं दिसेल, आणि काच आतून धुरकटली की तेही दिसणार नाही. तरी फोटो काढावाच. घरी दाखवताना ‘हा फुजी’ म्हणून बोट कुठेही ठेवलं तरी चालतं. वारा सुटला किंवा विषारी वायू वाढला की रोपवे बंद ठेवून बस सोडतात. अशा वेळी खिडकीपाशी हुज्जत घालू नये. २०१५च्या जूनमध्ये हा डोंगर थोडासा का होईना, खरोखर फुटला होता.

मुक्कामाचं ठिकाण ओवाकुदानी. पूर्वी याला नरकदरी म्हणत. मेइजी सम्राटांची स्वारी येणार म्हणून नाव बदललं. बडे पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे रस्त्याला डांबर लागतं, तिथे नरकाचं बारसं झालं. पाळण्याचं दार उघडताच नाकात जो वास शिरेल तो गंधकाचा. कुटुंबातल्या कुणावर संशय घेऊ नये. दमेकऱ्यांनी मात्र इथे न आलेलंच बरं, हे अगदी गंभीरपणे. समोरच्या पांढऱ्या पडद्यात ढग किती आणि वाफ किती, हे नाकानेच ठरवावं. दगड पाहून हुरळून जाऊ नये. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. फरक इतकाच, की तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला आणि या डोंगरावर अजून अंडी उकडतात.

ती अंडी हाच प्रवासाचा खरा हेतू. कोंबडीची साधी अंडी एका चिमुकल्या रोपवेने वरच्या कुंडांपाशी जातात (माणसांचा बंद असला म्हणजे त्यांचा हेवा वाटतो) आणि ऐंशीएक अंश तापमानाच्या पाण्यात तासभर बुडी मारतात. पाण्यातलं लोह कवचाच्या छिद्रांत बसतं, गंधकी वायूशी त्याचं जमतं आणि कवच तव्याच्या बुडासारखं काळंकुट्ट होतं. मग थोडी वाफ देतात. सोलल्यावर आत चारचौघांसारखं पांढरं अंडं निघतं. निराशा चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

एक अंडं खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं अशी तिथली समजूत आहे. सुटं अंडं मागू नये, पिशवीच घ्यावी लागते. वाटणी करताना तारतम्य बाळगावं: पेन्शनवाल्या सासऱ्यांना दोन द्यावीत, आणि विमा एजंट सोबत असेल तर त्याच्यादेखत खाऊ नये. मिठापुढे जायची इच्छा असेल तर लाल तिखटाची पुडी घरूनच न्यावी.

शाकाहाऱ्यांनी सोबाच्या वाफाळत्या वाटीला भुलू नये. नूडल्स गव्हाच्या नि बकव्हीटच्या असल्या तरी रस बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. त्यांच्यासाठी काळं आइस्क्रीम आहे. ते बाहेर, वाऱ्यात, एका हाताने छत्री सावरत खावं. आयुष्य वाढवण्याचा दावा त्याच्याबद्दल कुणी करत नाही, तेव्हा आधी अंडं आणि मग आइस्क्रीम हा क्रम अंडी खाणाऱ्यांनी चुकवू नये.