काजळीवर उतारा

बंगळूरच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात सकाळी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात माझी गाडी येऊन उभी राहिली की रांगेची शोभाच जाते. पुढेमागे पांढऱ्या, करड्या, अंग चोरून उभ्या असलेल्या नीटनेटक्या छोट्या गाड्या आणि मध्येच ही सव्वापाच मीटरहून लांब डिझेल पिकअप, पुढून साहेब आणि मागून हमाल. वॉचमन आधी नंबरप्लेट बघतो. पाटी पिवळी असती तर मालाची गाडी समजून त्याने मला मागच्या फाटकाकडे पिटाळलं असतं. ती पांढरी निघते, म्हणून त्याचा हात सलामाला उठतो. पण तेवढ्यात हौद्याकडे लक्ष जातं, तिथे गणपतीत आणलेल्या केळीच्या खुंटांचे अवशेष पडलेले असतात, आणि सलाम छातीपर्यंत येऊन रेंगाळतो. मला तो अर्धा सलाम आवडतो. माझा आणि गाडीचा या शहरातला दर्जा त्यात बरोबर मावतो.

मग हातात टॅबलेट घेऊन सर्व्हिस अॅडव्हायझर येतो आणि गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घालतो. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ओळखीच्या खुणा लिहाव्यात तशा तो जॉब कार्डावर जखमा उतरवून घेतो. डाव्या दारावर ओरखडा. मागच्या फाळक्याला पोचा. उजवा आरसा चिकटपट्टीने बांधलेला. त्याला हे सगळं नुकसान दिसतं. मला त्यात लोकसंग्रह दिसतो. तो ओरखडा तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या कपाटाचा. तो पोचा मखराच्या लोखंडी चौकटीचा. हौदा असलेल्या माणसाला परगावात स्नेह्यांची वाण पडत नाही. एरवी लिफ्टमध्ये मोबाइलवरून मान वर न करणारे शेजारी घर बदलायच्या आठवड्यात माझ्या प्रकृतीची चौकशी करतात आणि बोलता बोलता फ्रिज किती फुटी आहे तेही सांगतात.

हा अॅडव्हायझर निपाणीकडचा. कार्डावर माझं आडनाव टाइप करताना त्याने एकदा मान वर केली, कन्नडमधलं ‘बन्नी सर’ तिथेच सोडलं आणि तो ‘बसा की सर’वर आला. वय पंचविशीच्या आतबाहेर, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला कंपनीचा बिल्ला आणि दोन फोन. दोन्ही एकाच वेळी वाजत असतात. पलीकडच्याला तो कन्नडमधून ‘आगुत्ते सर, आगुत्ते’ सांगतो, म्हणजे होईल, होईल. आणि माझ्याकडे वळून मराठीतून तेच सांगतो.

‘बसा की’ म्हणजे काचेच्या खोलीत. तिथे एसी एवढा की उन्हाळ्यातही कुणीतरी कानटोपी घातलेली असते. यंत्रातून कॉफी येते. कॉफीच्या या शहरात तसली कॉफी देणं हा खरं तर दखलपात्र गुन्हा आहे. आवाज बंद केलेल्या टीव्हीवर बातम्या सांगणारी मुलगी फार कळकळीने काहीतरी समजावत असते. पण खोलीतल्या सगळ्यांचे डोळे समोरच्या मोठ्या काचेकडे. काचेपलीकडे लिफ्टवर चढवलेल्या गाड्या. आपली गाडी खालून बघण्याचा प्रसंग एरवी येत नाही, येऊही नये. माझी पिकअप नेहमीच्या लिफ्टवर नीट बसत नाही. तिला कोपऱ्यातली एक जागा द्यावी लागते आणि त्यासाठी आधी दोन गाड्या हलवाव्या लागतात. त्या दोन गाड्यांचे मालक याच खोलीत असतात. त्यांची नजर मी चुकवतो.

थोड्या वेळाने एस्टिमेट येतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, व्हील अलाइनमेंट, लेबर आणि शेवटी ‘कन्झ्युमेबल्स’. या शेवटच्या सदराबद्दल विचारायचं नसतं. मी विचारलं. ‘फडकी वगैरे सर,’ असं त्याने इतक्या हळुवारपणे सांगितलं की आकडा बघून सुचलेला पुढचा प्रश्न मी गिळला.

खोलीतल्या भिंतीवर इंजिन ऑइलची जाहिरात आहे, मधासारखी सोनेरी धार. तिच्याकडे पाहत बसलं की मन भलतीकडे जातं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं ते 1897 साली. आणि 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. बघणाऱ्यांना म्हणे फरक कळला नाही. पुढे 1913 मध्ये हा गृहस्थ इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, आणि त्याचं आडनाव तेवढं जगभरच्या पंपांवर भावाच्या पाटीत उरलं. मला मात्र शेंगदाणे म्हटलं की बसवनगुडी आठवते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. कथा अशी की, आसपासच्या शेतांतल्या शेंगा एक बैल येऊन फस्त करायचा; शेवटी शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याच्या पायाशी वाहायचं कबूल केलं. म्हणजे शेंगांवर चालणारी अवजड शक्ती या गावाने पॅरिसच्या कितीतरी आधी ओळखली होती. शिवाय त्या बैलाला दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलावं लागत नव्हतं. पहिलं पीक मात्र न चुकता द्यावं लागे, आणि माझं एस्टिमेट पाहिलं तर पद्धत फारशी बदललेली नाही.

यंदाचं दुखणं वेगळं होतं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता. त्यात एक डबी आणि डबीत ठिपके. तालीम झालेल्या डोळ्याला ते चित्र कळतं. मला वाटलं, गाडीला गोवर आला. निपाणीकडच्या त्या पोराने गाडीच्या पोटात स्कॅनरची वायर खोचली, पडद्यावरचे आकडे वाचले आणि विचारलं, ‘सर, गाडी पळवत नाही काय तुम्ही?’

‘कुठे पळवू?’

तो थोडा थांबला. ‘ते पण खरं हाय म्हणा.’

प्रकरण असं आहे. एक एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6चे नियम आले. धुरातली काजळी हवेत जाऊ नये म्हणून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत चिनी मातीसारख्या पदार्थाची, बारीक छिद्रांची एक गाळणी बसू लागली. काजळी तिच्यात अडकते. गाळणी भरत आली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकायची, अशी ही युक्ती. पण जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता हवी, आणि ती यायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, न थांबता धावायला हवी. बंगळूरमध्ये! 2022 च्या टॉमटॉमच्या पाहणीत दहा किलोमीटरला सुमारे अर्धा तास लावून जगात लंडनखालोखाल मंद ठरलेल्या या शहरात! नांगरटीच्या रानातून पोती आणायला, चिखलात रुतलेल्या दुसऱ्याला ओढून काढायला घडवलेलं हे जनावर दिवसभर करतं काय, तर सिल्क बोर्डच्या चौकात पहिल्या गिअरमध्ये उसासे टाकत उभं राहतं. ज्या कार्यालयावरून त्या चौकाला नाव पडलं, त्या केंद्रीय रेशीम मंडळाचा सगळा व्यवहार जागच्या जागी बसून कोश विणणाऱ्या किड्यांचा. चौकानं ते फारच मनावर घेतलेलं दिसतं.

‘एक काम करा,’ पोरगा म्हणाला. ‘उद्या पहाटे म्हैसूर रोडला घाला. आरपीएम दोन हजाराच्या वर ठेवायचं, मध्ये थांबायचं नाही बघा. दिवा आपोआप जातोय.’

अशा तऱ्हेने डीलरकडून मला हवापालटाची चिठ्ठी मिळाली. पहाटे निघालो. 2023 च्या मार्चमध्ये खुल्या झालेल्या नव्या रस्त्याच्या मुख्य भागावर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. त्यामुळे समोर काहीही नसलेला रस्ता दिसला आणि गाडी क्षणभर बुजलीच. मग तिने नाकपुड्या मोकळ्या केल्या. मला कुठेही जायचं नव्हतं. हौद्यात केळीच्या खुंटांपलीकडे काही नव्हतं. हवा स्वच्छ राहावी म्हणून बसवलेल्या गाळणीची काजळी जावी म्हणून मी आणखी डिझेल जाळत, कुणालाही न भेटायला, काहीही न आणायला निघालो होतो. या वेळेला या रस्त्यावर माझ्यासारखेच आणखी किती डिझेलवाले असतील, असंही मनात येऊन गेलं. प्रत्येकाच्या गाडीत एकच पिवळा दिवा, आणि प्रत्येकाने बायकोला दिलेलं वेगळं कारण. बिडदीच्या अलीकडे कुठेतरी दिवा गेला. केव्हा गेला ते दिसलं नाही. बघितलं तेव्हा नव्हता. मी खालच्या रस्त्याला उतरलो आणि ताटलीएवढी, मऊ तट्टे इडली खाल्ली. पथ्यात ती सांगितलेली नव्हती.

बिडदीला किर्लोस्करांच्या भागीदारीतला टोयोटाचा कारखाना आहे. किर्लोस्कर हे नाव दिसलं की आमच्या भागातल्या माणसाला विहीर दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. त्यांच्या घराण्याच्या नावाचं डिझेल इंजिन काकांच्या विहिरीवर होतं. काका हँडल मारायचे, दोन फेऱ्यांनंतर हवेचा खटका पाडायचे, आणि मग सगळ्या शिवाराला कळायचं की आज कुणाच्या उसाला पाणी आहे. इंजिनाने हवा धरली की ते बंद. मग निपाणीहून सायकलवर मिस्त्री यायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आतलं काहीतरी ऐकत राहायचे. आम्ही पोरं श्वास धरून उभी. अशा मिस्त्र्यांवर गळा काढून लिहिलेले लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि आताच्या स्कॅनरला त्यात शिव्या असतात. त्या लेखकांच्या विहिरींवर बहुधा वीज असावी. आमचे मिस्त्री ऐकून झालं की डोळे उघडून म्हणत, ‘वायसर लागतोय. उद्या घेऊन येतो.’ आज्जी त्यांना चहा देई. उद्या ते येत नसत. परवाही नसत. तंबाखूची रोपं माना टाकत आणि काका बांधावर उभे राहून निपाणीच्या रस्त्याकडे बघत.

माझ्या गाडीचंही पुढे तेच झालं. दिवा गेला होता, पण गाळणीवरचा एक सेन्सर बदलायला हवा, असं स्कॅनरचं म्हणणं पडलं. पार्ट गोदामातून यायचा होता. मी फोन केला की पोरगा म्हणे, ‘उद्या या, सर.’ तो नसला की त्याचा जोडीदार कन्नडमधून म्हणे, ‘नाळे बन्नी.’ या गावच्या जुन्या लोकांना हे ऐकून हसू येतं. नव्वदीच्या दशकात इथे अफवा उठली होती की, रात्री एक हडळ फिरते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात दारावरून हाक मारते आणि ओ दिली की संपलं. उपाय म्हणून लोकांनी दारांवर लिहून ठेवलं, ‘नाळे बा’, उद्या ये. ती बिचारी यायची, वाचायची आणि परत जायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. सेन्सरची वाट बघताना त्या हडळीविषयी मला जी आपुलकी वाटली, ती त्या काळात कुणालाच वाटली नसणार. दररोज ती विश्वासाने येत होती. अक्षरओळख होती, नियम पाळत होती. तिच्याकडे जॉब कार्ड तेवढं नव्हतं.

पार्ट आला. गाडी मिळाली ती धुतलेली, पायाखाली कागद अंथरलेली, आत लिंबाचा उग्र वास. केळीचे खुंट गेले होते. सीटखालून कुणाला तरी गणपतीतला एक सुटा टाळ सापडला होता. तो कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर पेनाने गाडीचा नंबर घालून समोर ठेवलेला. ज्याला तो सापडला तो काचेपलीकडे कुठल्यातरी लिफ्टखाली होता. बिलावर त्याचं नाव नव्हतं.

किल्ली हातात देताना पोराचा आवाज खाली आला. ‘सर, उद्या कंपनीतून फोन येईल. कसं वाटलं विचारतील. दहापैकी दहा म्हणा. नऊ म्हटलं तरी आमच्यात नापास धरतात. इन्सेन्टिव्ह जातो.’ मग, मी काही बोलायच्या आत, ‘पार्टचं आमच्या हातात नसतंय, सर.’ त्याच्या दोन्ही खिशांत फोन वाजत होते.

फोन आला, आणि या खेपेला ‘उद्या’ खरोखर दुसऱ्याच दिवशी उजाडला. मी दहा म्हटलं. तुम्हालाही असा फोन येईल. उशीर झाला असेल, बिल फुगलं असेल, तर कंपनीला खरमरीत पत्र लिहा, जरूर लिहा. पण फोनवर दहाच सांगा. तो आकडा कंपनीच्या नावावर पडत नाही, काउंटरवरच्या पोराच्या पगारात पडतो.