एका घराच्या चार किमती

जामसांवलीत मारुतीराया पिंपळाखाली निवांत पहुडले आहेत. गावात इतकी निवांत झोप दुसऱ्या कोणाला नाही, याचं कारण पंचायत कायद्यात आहे: निव्वळ धर्मकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूला करमाफी. ज्यांनी लग्न केलं, संसार मांडला, वर पत्र्याची खोलीही चढवली, त्यांनी मात्र कर भरायचा.

मध्य प्रदेशाचा 1993 चा पंचायतराज कायदा सांगतो की जागेसकट सहा हजारांहून जास्त किमतीच्या घरावर संपत्ती कर. सहा हजारांत आज सागवानाचं दार चौकटीसकट येत नाही. तरी वसुलीची गोष्ट निघाली की जो तो आपलं अख्खं घर त्या दाराच्या भावात बसवतो.

आमच्याकडे एका घराला चार किमती असतात, हे नवख्या घरमालकानं आधी समजून घ्यावं.

पहिली सोयरिकीची. नागपूरकडचे पाहुणे ओसरीवर टेकले की काकाजी सहज बोलून जातात, "चाळीस लाखाले मांगून गेले होते मामाजी, आमीच नाही देलं." ऑगस्ट 2023 मध्ये जामसांवलीच्या मंदिरात हनुमान लोक संकुलाचं भूमिपूजन झालं, ऑक्टोबरात आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून ही किंमत चहाच्या प्रत्येक कपागणिक वाढते.

दुसरी रजिस्ट्रीची. इथे घेणारा आणि विकणारा, दोघांनाही एकाच वेळी साक्षात्कार होतो की घर कलेक्टर गाइडलाइनपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, एक रुपयाही जास्त किमतीचं नाही. बाकीचा व्यवहार पिशवीत.

तिसरी मुआवजाची, म्हणजे भरपाईची. घरावरून रस्ता जाणार असं कळलं की तीच लाडकी गाइडलाइन अन्यायकारक ठरते. पण 2013 चा भूसंपादन कायदा बाजारभाव ठरवताना गाइडलाइन आणि आजूबाजूच्या जुन्या रजिस्ट्र्याच उघडून बसतो. स्टॅम्प वाचवायला आपण सरकारपासून जे लपवलं, ते आपल्यापासूनही लपून राहिलेलं असतं.

चौथी कराची. पंचायतीचे सचिव दारात दिसताच चाळीस लाखांच्या वाड्याला तडे जातात. "काय सांगू साहेब, निरी माती हाये. पावसाळ्यात गळतं तिथं गंज मांडून झोपतो आमी."

स्वामित्व योजनेत तर ही कला आकाशातून दिसली. 24 एप्रिल 2020 ला योजना सुरू झाली, गावठाणावर ड्रोन फिरवायचं ठरलं आणि त्याआधी घराघरांभोवती चुन्याच्या रेषा मारायच्या होत्या. चुना मारताना कोणाचा हात आखडला नाही. रेष गोठा ओलांडून, उकिरड्याला वळसा घालून शेजाऱ्याच्या निंबाला टेकली. नकाशा हातात आला, मालकी कागदावर चढली. आता त्याच क्षेत्रफळावर कर लागला तर? "ते मागचं आमचं नोहे जी. ते तं पहिल्यापासून पंचायतीचं."

सौंसर, पांढुर्ण्याच्या नगरपालिकांत सरकारनं आणखी मोठा विश्वास टाकला आहे. तिथे स्वनिर्धारण आहे: आपल्या घराचा कर आपणच काढायचा. ज्यावर हा कर बसतो ते वार्षिक भाडेमूल्यही 2021 पासून गाइडलाइनला बांधलं गेलं. स्वतः राहणाऱ्याला मात्र करात निम्मी सूट. त्यामुळे फॉर्मांवर भरवसा ठेवला तर तिथे एकही भाडेकरू नाही. वरच्या मजल्यावर तीन वर्षं राहणारं कुटुंब हे साळ्याच्या मित्राचं. दर महिन्याच्या पाच तारखेला ते प्रेमापोटी पाकीट देतं. एवढं करून थकबाकी राहिलीच तर लोकअदालतीत अधिभाराला सूट मिळते. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला पावती, आणि थांबून भरणाऱ्याला पावतीसोबत शहाणपणाचं प्रमाणपत्र.

आणि हाच गृहस्थ रात्री चौकात उभा राहून विचारतो, "काऊन जी, खांबावरचा लाइट काऊन बंद?" कायद्यात प्रकाश करही आहे, पंचायतीनं दिव्याची सोय केली असेल तर तो द्यावा लागतो. पंचायत म्हणते, कर आला की दिवा लागेल. गाव म्हणतं, दिवा लागला की कर देऊ. खांब दोघांचं ऐकून घेतो.

यावर माझा एक साधा तोडगा आहे. सोयरिकीच्या बैठकीत सचिवांना वही घेऊन बसवावं. तिथे सांगितलेल्या किमतीवर कर लावावा, तिच्यावरच स्टॅम्प घ्यावा, आणि सरकारनं जागा घेतली तर मुआवजाही त्याच किमतीनं द्यावा. चार किमतींची एक होईल, गावही खरं बोलेल आणि सरकारही.

फक्त हा ठराव ग्रामसभेत मांडायला कोणी तयार नाही. मांडलाच, तर पांढुर्ण्याच्या गोटमारीसाठी, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर होणाऱ्या त्या दगडफेकीसाठी, पोळ्याची वाट पाहायची गरज उरणार नाही, आणि या वेळी नदीच्या दोन्ही काठांवरचे गोटे एकाच माणसाच्या दिशेनं येतील.