कॅमेरा येतोय, बॉडी सेकंडहँड आहे

एडिसन, न्यू जर्सी

बाबा,

"चांगला कॅमेरा पाठव, पैशाचं बघू" असं तुम्ही फोनवर म्हणालात. पैशाचं तुमच्या सूनबाईने लगेच बघितलं : सहाशे डॉलर, पिशवी आणि मेमरी कार्ड धरून. पुढे जी चर्चा झाली, तेवढी आम्ही हे घर घेतानाही केली नव्हती.

चिंटू म्हणे, आजोबांना सगळ्यात जास्त मेगापिक्सेलचा द्या. म्हटलं, आजोबा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणार, तिथे तो चेपूनच जातो. चोवीस मेगापिक्सेल पुष्कळ झाले.

खरा पेच टाकला तो तुमच्या कपाटातल्या, फिल्मच्या काळातल्या निकॉन ५० मिलिमीटर ऑटोफोकस लेन्सने. निकॉनचा लेन्स अडकवायचा माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे ती डीएसएलआरवर बसते. पण डी३५००, डी५६०० अशा स्वस्त बॉडींत फोकसची मोटर नसते आणि तुमच्या लेन्समध्येही ती नाही. म्हणजे हॉटेलात बिल आल्यावर दोन्ही व्याही छताकडे बघतात तशातली गत! मोटर असलेली २०१५ ची डी७२०० सेकंडहँड घ्यायची ठरवली. बॉडी दोन-चार वर्षांत जुनी ठरतेच, लेन्स मात्र टिकते. तेव्हा वाचलेले पैसे लेन्सवर : एक १८-५५ आणि एक ७०-३००.

शनिवारी शब्बाथमुळे 'बी अँड एच' हे कॅमेऱ्याचं दुकान बंद, म्हणून रविवारी मॅनहॅटनला गेलो. तिथे माल डोक्यावरच्या पट्ट्यावरून हिरव्या टोपल्यांत बसून येतो. तो थाट बघून "काहीतरी कमी करा" म्हणायला जीभ रेटेना. शटर आजवर किती वेळा उडालंय, एवढं मात्र विचारून घेतलं.

आता वापराचं. माउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडीत येईल तेव्हा १८-५५ लावा. गर्दीत मागे सरकायला जागा नसते, १८ वर अख्खी दिंडी मावते. वारकऱ्यांच्या चेहऱ्यांना तुमची ५० उत्तम. सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने ती ७५ सारखी वागेल. येरवड्याच्या सलीम अली अभयारण्यातल्या पक्ष्यांसाठी ७०-३००. तिच्यातलं व्हीआर तुमचा हात थरथरला तर सांभाळून घेतं, पक्षी हलला तर नाही. त्यासाठी शटर स्पीड वाढवा. पक्ष्याला "थांब रे" म्हणून उपयोग नाही.

आत्या कॅमेरा घेऊन पुढच्या महिन्यात निघतेय. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, म्हणून ती तिच्या पर्समध्ये दिलीय. तिथे आधीच गोळ्या, जपमाळ आणि थेपले आहेत, तेव्हा शोधताना धीर धरा.

आणि एक विनंती. ७०-३०० गॅलरीत आईच्या हाती देऊ नका. समोरच्या सोसायटीत आज कोणती भाजी झाली, ते आम्हाला इथे रोज कळवलं जाईल.

आपला,
बाळ्या