बांधीतले आउटडोअर

शहरातल्या मॉलमध्ये ‘आउटडोअर’चा वेगळा मजला असतो. लाखांदूरला तो नाही. वैनगंगेकाठच्या या धानपट्ट्यात सगळे जगणेच आउटडोअर. त्याला मजला कोण बांधणार?

धानाची रोवणी आली की दुकानाबाहेर मेनकापडाची गुंडाळी उभी राहते. गिऱ्हाईक ते चिमटीत ताणते, उजेडाला धरून भोके शोधते, मगच मीटरचा भाव विचारते. डोक्यावरून घेतले की रेनकोट, पुढे धानाच्या ढिगावर टाकले की गोदाम. गमछा तर टोपी, चुंबळ, पिशवी, सगळेच. शहरात यालाच ‘मल्टिफंक्शनल’ म्हणतात आणि किंमत चार आकडी लावतात.

नवेगाव-नागझिऱ्याला वाघ पाहायला येणारे पाहुणे बारा खिशांची पँट घालून जिप्सीत बसून राहतात. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरणारी बाई मात्र लुगडे खोचते आणि वर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. खिसा एकच, तोही फाटका.

सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग कपड्यावर १८. इथे कुणी अडीच हजारांच्या वरची पँट मागितली, तर दुकानदार आधी चहा सांगेल, मग हळूच विचारेल, “भाऊ, लग्नाचा बस्ता हाय का?”