आठ माणसं, आठ पोर्ट

भालकी-बसवकल्याणकडे लेकराला शर्ट वाढत्या मापाचा घेतात. पण पतसंस्थेसाठी नेटवर्कचा स्विच घ्यायचा म्हटलं की संचालक मंडळ माणसं मोजतं. माणसं आठ, म्हणून पोर्ट आठ. त्यातला एक राउटरलाच जातो, हे बिल चुकतं केल्यावर कळतं. मग प्रिंटर येतो, अंगठ्याची हजेरी येते, कॅमेरे येतात. मग पहिल्या डब्याला दुसरा डबा, दुसऱ्याला तिसरा, आणि सगळा भार एकाच वायरीवर. कॅमेऱ्याला डेटाच्याच केबलमधून वीज पुरवणारा पीओई स्विच महाग म्हणून नाकारलेला. त्यामुळे भिंतभर अडॅप्टर लटकतात. त्यांचा खर्च कुणी मोजत नाही, कारण तो 'किरकोळ'मध्ये जातो.

बिदरजवळ नौबादला १५व्या शतकातलं बहमनी कारेझ आहे. जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा, आणि हवा यावी, उतरून गाळ काढता यावा म्हणून त्याच्यावर जागोजागी उभ्या विहिरी. सुलतानाच्या माणसांनी देखभालीची वाट आधी ठेवली, पाणी नंतर सोडलं. त्यांना तीन कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त निवडायची सक्ती नसावी.

पुढच्या सभेत ठराव घेणारच असाल, तर २४ पोर्टचा, गिगाबिट, पीओईवाला एकच स्विच घ्या. रिकाम्या पोर्टांबद्दल लेखापरीक्षकाने विचारलं, तर त्याचाच लॅपटॉप तिथे जोडा.